पाकळीचा ल

कोल्हापूर, गुरुवार रात्र

आदरणीय सर,


तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वर्गात गिऱ्हाईक आणू नकोस, असं तुम्ही लिहिलंत. मुलांचा हात कच्चा आहे, अक्षराच्या पोटातली पांढरी जागा दिसायला लागण्याआधी त्यांना समोरच्याची पसंती दिसायला लागेल, ही तुमची भीती. लगेच उत्तर दिलं असतं तर मी नुसती भांडले असते. या सत्राचं काम परवा छापून आलं, म्हणून आता लिहायला बसले.

काम एका बचत गटाचं होतं. अकरा बायका कांदा-लसूण मसाला करतात आणि पाव किलोच्या पुड्या विकतात. त्यांना लेबल हवं होतं. तिसऱ्या वर्षाची अठरा मुलं, त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या दिवशी संगणक उघडू दिला नाही. सगळ्यांना त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. मिरची भाजणं चालू होतं, निम्मी मुलं खोकत बाहेर पळाली.

लेबल म्हणजे एक नाव आणि एक चित्र, असं मुलांना वाटत होतं. मग मजकुराची यादी हातात आली : नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, बॅच नंबर, पत्ता, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. हे सगळं तळहाताएवढ्या कागदावर. काय मोठं, काय बारीक, काय आधी वाचलं जावं, यावर मी दरवर्षी चार व्याख्यानं देते. ती मुलं लिहूनही घेतात. पण जागा संपते आणि परवाना क्रमांक काढून टाकता येत नाही, तेव्हा ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने विचार करायला लागतात. एका गटाने मजकूर तीनदा नव्याने लावला. चौथ्या वेळी त्यांनी चित्रच काढून टाकलं. मी काहीही सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती पाहायला तुम्ही हवे होतात. दुसऱ्या भेटीला मुलं नमुने घेऊन गेली. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी चष्मा लावला, एक नमुना लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाल्या, ‘पोरी, ह्यो ल आपला न्हाई. शाळंत आमी दोन पाकळ्यांचा गिरवला.’ लसूणमध्ये एक आणि मसाल्यात एक, दोन्ही ल हिंदी वळणाचे, दंडाचे पडले होते. सहा मुलांनी आठ दिवस ते अक्षर पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, सर. आमच्यापैकी कुणालाच ते खटकलं नाही, याची मला फार लाज वाटली.

मुलं परत आली आणि शोधायला लागली. त्यांच्या फॉन्टमध्ये दोन्ही ल होते. मजकुराची भाषा मराठी निवडली की पाकळीचा ल येतो, आणि देठाचा शसुद्धा. ती निवड कुणी केलीच नव्हती. मग मी त्यांना राज्य शासनाचा २००९चा वर्णमालेचा निर्णय दाखवला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श नेमून दिले आहेत. एकाने विचारलं, मग वर्तमानपत्रांत, पाट्यांवर, मोबाइलवर दुसरा ल का दिसतो? त्या प्रश्नावर आमची अख्खी दुपार गेली. शिशाच्या खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत जेवढं मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तुम्ही भेट दिलेले बापूराव नाईकांच्या १९७१च्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’चे खंड टेबलावर आले. गेली सहा वर्षं मी ते खंड वर्गात नेते आहे. मुलांनी ते आपणहून उघडले, असं यंदा पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या एका गटाला भारी दिसणारं लेबल करायचं होतं. त्यांनी अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते अंतर शोभतं. आपली अक्षरं मात्र एका रेघेला हात धरून उभी असतात. हे त्यांना वर्गात दोनदा सांगितलं होतं. किराण्याच्या दुकानात फळीवर पुडी ठेवून काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्यावर मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. शिवाय मरून रंगावर लाल अक्षरं, वर ट्यूबलाइट. दिसत होता तो फक्त हिरवा ठिपका.

आणि बॉलपेन! लेबल चकचकीत लॅमिनेशनचं करायचं ठरलं होतं. पण बॅच नंबर आणि तारीख बायका हाताने लिहितात, बोटांना तेल असतं, आणि त्या कागदावर शाई धरत नाही, पुसली जाते. शेवटी बिनचकाकीचा साधा कागद घेतला. पैसेही वाचले.

एक गोष्ट तुमच्यावरच उलटवते, रागावू नका. बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायरची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होती. १९२३ साली जर्मनीत पैशाची किंमत रोज कोसळत होती, तेव्हा थुरिंगियाच्या बँकेसाठी लाखो मार्कांच्या नोटा त्याने विद्यार्थी असतानाच केल्या. गिऱ्हाईक चक्क सरकारी बँक होती. आणि वर्गाच्या भिंतीवर तुम्ही लावलेली कमल शेडग्यांची नाटकांची शीर्षकं? तीसुद्धा कुणाच्या तरी जाहिरातीसाठी, ठरलेल्या वेळेत केलेलीच होती.

तुमचं उत्तर मला इथे ऐकू येतं : शेडग्यांचा हात आधी तयार होता. खरं आहे. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या कोल्हापुरात ‘चालतंय की’ हा फार लाघवी शब्द आहे आणि वर्गात तो विषासारखा पसरतो. मागच्या वर्षी मी सत्रभर गिऱ्हाइकांचीच कामं दिली. एक मुलगा फार सुंदर अक्षर काढायचा. डिसेंबरपर्यंत त्याने क-च्या वाटीला हात लावणं सोडलं, कारण समोरच्यांना पहिलाच नमुना पसंत पडला होता. त्याचं नुकसान मी केलं. यंदा म्हणून सकाळचे दोन तास बोरू आणि शाईचे, त्यात गिऱ्हाइकाचं नावही काढायचं नाही. आणि पसंतीला गुण शून्य. गुण मिळतात ते वहीला : समोरचा काय म्हणाला, तुम्ही काय बदललं, काय बदललं नाही आणि का.

पैशाबद्दलही तुम्ही विचारलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने ‘स्पर्धा’ म्हणून आमच्या चाळीस मुलांकडून बोधचिन्हं करून घेतली, एक उचललं आणि कुणालाच एक रुपया दिला नाही. वरिष्ठ म्हणाले, मुलांना अनुभव मिळाला. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेले नाही. आता कामाआधी कागद होतो. स्पर्धा नाही, थोडी का होईना रक्कम आधी, भेटी तीनच, आणि हक्क द्यायचे तर लेखी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याला तेच लागतं. बचत गटाने तीन हजार दिले. मावशींनी नोटा मोजून मुलांच्या हातात ठेवल्या. अठरा जणांत ते किती येतात हा हिशेब कुणी केला नाही, त्यांनी वर्गासाठी भिंग घेतलं.

पुढच्या सत्रात एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या पाट्या करायच्या आहेत. कपाटांवर विषयांची नावं हवीत, येणारे वाचक बहुतेक साठीच्या पुढचे. तिथे तुम्ही एक दिवस या. गिऱ्हाइकासमोर नको वाटत असेल तर सकाळच्या दोन तासांना या. पोरांना अजून उकाराची गाठ नीट जमत नाही आणि माझ्यापेक्षा तुमचा हात पाहून ती लवकर शिकतील.

सोबत एक पुडी पाठवते. बॅच नंबर मावशींनीच घातलाय. काकूंना नमस्कार सांगा, आणि पहिल्या वेळी अर्धाच चमचा घाला म्हणावं, तिखट आहे.

तुमची विद्यार्थिनी