हातांची मोजणी

आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत मुश्ताक अलींची एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. १९४५ साली ऑस्ट्रेलियाचा सर्व्हिसेस संघ हिंदुस्थानात आला होता. कलकत्त्याच्या सामन्यासाठी निवडलेल्या संघात मुश्ताक अलींचे नाव नव्हते. लोक खवळले. निवड समितीचे प्रमुख दुलीपसिंहजी यांना त्यांनी गराडा घातला आणि ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशी घोषणा दिली. अखेर मुश्ताक संघात आले. १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक झळकावणारा पहिला भारतीय ठरलेला हा आमच्या गावचा खेळाडू. त्याच्यासाठी परमुलखातली माणसे रस्त्यावर उतरली, हे सांगताना माझ्या वडिलांचा आवाज चढत असे. १९७३ साली कानपूरच्या कसोटीतून सलीम दुराणींना वगळले तेव्हाही असेच झाले. मुंबईकरांनी ‘नो दुराणी, नो टेस्ट’चा पुकारा केला, दुराणी मुंबईत खेळले आणि पहिल्या डावात ७३ धावा करून गेले.

या दोन्ही गोष्टी ऐकत मी वाढलो. त्यामुळे संघ निवडण्याच्या कामी निवड समितीपेक्षा गॅलरीतल्या माणसाला अधिक कळते, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. एकदा मात्र मी वडिलांना विचारले, “मुश्ताक आत आले, मग बाहेर कोण गेला?” वडील क्षणभर थांबले. “ते काही आता आठवत नाही बुवा,” म्हणाले. अकरांत एकाला घ्यायचे म्हणजे एकाला काढायचे. घ्यायच्या नावाच्या घोषणा होतात; काढायचे नाव कोणीच उच्चारत नाही.

ते नाव उच्चारण्याचे कामही लोकांवरच सोपवले तर? असा एक प्रयोग अमेरिकेत खरोखरच झाला. खेळ अर्थातच बेसबॉलचा. सेंट लुईस ब्राउन्स हा संघ १९५१ साली तळाला गेला होता. त्या मोसमात त्याने ५२ सामने जिंकले आणि १०२ गमावले. संघाचे मालक बिल वीक हे मोठे कल्पक, थोडे विक्षिप्तच गृहस्थ. गर्दी जमवण्यासाठी ते काय करतील याचा नेम नसे. त्यांनी जाहीर केले की २४ ऑगस्टचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना प्रेक्षकच चालवतील. वर्तमानपत्रातली मतपत्रिका भरून लोकांनी संघ निवडला. मैदानात हजाराहून अधिक जणांना पाट्या वाटल्या. एका बाजूला ‘हो’, दुसऱ्या बाजूला ‘नाही’. खेळ अडला की प्रश्नाचा फलक उंच धरायचा, पाट्या वर होणार, बहुमत बघायचे आणि तसे करायचे. संघाचे खरे व्यवस्थापक झॅक टेलर मैदानाच्या कडेला झुलत्या खुर्चीत पाइप ओढत बसले होते. पगार चालू आणि काम बंद, असा सुखाचा दिवस आम्हां सरकारी माणसांच्याही वाट्याला क्वचितच येतो! प्रतिस्पर्धी संघ पन्नास वर्षे सांभाळून नुकतेच निवृत्त झालेले ८८ वर्षांचे कॉनी मॅकसुद्धा प्रेक्षकांत बसून पाटी फिरवत होते.

आणि गंमत अशी, की ब्राउन्स ५-३ असे जिंकले. पहिल्याच डावात गोलंदाज अडचणीत आला, तेव्हा क्षेत्ररक्षक पुढे घ्यावेत की मागे ठेवावेत, असा प्रश्न आला. लोकांनी मागे ठेवायला सांगितले. लगेच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जाऊन दोघे एकदम बाद झाले आणि संकट टळले. लोकांनी मुद्दाम आत घेतलेला यष्टिरक्षक लोलर यानेही बॅट चालवली. म्हणजे लोकांना कळत नाही, असा आक्षेप येथे टिकत नाही. तरीही वीक यांनी तो खेळ त्या एका दिवसापुरताच ठेवला.

इंग्लंडमध्ये तो पुढे वर्षानुवर्षे चालला. ‘मायफुटबॉलक्लब’ नावाखाली हजारो शौकिनांनी प्रत्येकी ३५ पौंड भरले आणि २००८ साली केंट परगण्यातला एब्सफ्लीट युनायटेड हा संघ विकत घेतला. कोणाला खेळवायचे हे सभासदांच्या मतांनी ठरणार, हेच तर या योजनेचे मुख्य आकर्षण. त्याच वर्षी संघाने वेम्बलीवर टॉर्कीला हरवून एफ. ए. ट्रॉफी जिंकली. पण संघनिवडीचा अधिकार सभासदांनी मतदान करून प्रशिक्षक लियम डेश यांच्याकडेच ठेवला. मिळालेला अधिकार मतानेच परत करावा, हे मला फार समंजसपणाचे वाटले. पुढे सभासद गळत गेले आणि २०१३ साली संघ विकला गेला.

माझ्याकडे इतका समंजसपणा नव्हता. १९९४ साली मी माळव्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. शेजारच्या जिल्ह्याशी आमच्या कर्मचाऱ्यांचा दरवर्षी क्रिकेटचा सामना होई आणि संघ निवडणे माझ्याकडे असे. अकराव्या जागेसाठी दोघे होते. एक लेखा शाखेतला लिपिक, चाळिशी ओलांडलेला डावखुरा फिरकीपटू, आपल्याच मराठी मंडळींपैकी. दुसरा नव्याने रुजू झालेला तरुण पटवारी, दणकून फटके मारणारा. लिपिकाला वगळायचे हे माझ्या मनात ठरलेलेच होते. पण बारा वर्षे खेळलेल्या माणसाला ते तोंडावर सांगायचा धीर होईना. तेव्हा क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांना जमवले आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, “लोकच ठरवू देत. हात वर करा.”

पटवाऱ्यासाठी भराभर हात वर गेले. लिपिकासाठी सात. त्यांतला एक त्याच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा होता. तो चिमुकला हात मोजावा की मोजू नये, अशा पेचात मी पडलो आणि अखेर मोजला.

सामना आम्ही जिंकलो. पटवाऱ्याने चाळीसच्या वर धावा काढल्या. निर्णय बरोबर होता, हे सगळेच म्हणाले आणि माझीही त्यावर काही कुरबूर नव्हती.

दोन दिवसांनी लिपिक एक नस्ती घेऊन माझ्या खोलीत आला. सही झाली तरी तो हलेना. मग म्हणाला, “साहेब, आपण मला इथे बोलावून सांगितलं असतं, की यंदा तू नाहीस, तर मला वाईट वाटलं असतं, आपला रागही आला असता. पण घरी जाऊन मुलाला सांगता आलं असतं, की साहेबांनी काढलं. आता त्याला काय सांगू? तो मागे वळून वळून हात मोजत होता.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी नुसतीच नस्ती पुढे सरकवली.

पुढच्या वर्षी संघ मी एकट्याने निवडला. पटवाऱ्याचा हात दुखावला होता, म्हणून त्याला वगळले. ते सांगायला संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी गेलो. तो चांगलाच संतापला. शेजारी ऐकत आहेत याचीही पर्वा न करता, साहेबांना खेळातले काय कळते, असे त्याने मला ऐकवले. चहासुद्धा विचारला नाही. मी दारातच उभा राहून सगळे ऐकून घेतले आणि परत आलो.