जंजिरा आणि मसुराचा दाणा

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मुरुडला गेलो ते एका फोटोसाठी. अब्बांचे बालपण राजपुरीच्या खाडीकाठी गेले. आता त्यांना काचबिंदू झाला आहे. या आजारात बहुधा बाजूची नजर आधी जाते. समोरचे दिसते, पण नळीतून पाहावे तसे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. डॉक्टरांनी हे सांगितले त्या संध्याकाळी अब्बा म्हणाले, "बेटा, आपल्या किनाऱ्यावरून किल्ला दिसतो तसा मोठा फोटो काढून माझ्या खोलीत लाव. दिसतंय तोवर बघून घेतो."

कॅमेरा घरात होता. कुवेतहून येताना धाकट्या भावाने आणलेला, त्याच्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची साधी लेन्स लावलेली. पण निसर्गाचे फोटो काढायचे तर वाइड अँगल लेन्सच हवी, असे मी सगळीकडे ऐकले होते. म्हणून जवळजवळ एका पगाराइतके पैसे मोजून 10-18ची लेन्स घेतली. अब्बांसाठी आहे, इसराफ नव्हे, अशी मनाची समजूतही घातली.

अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड गाठले. पुढे राजपुरीकडे जाणारा रस्ता टेकडीवर चढतो आणि एका वळणावर समुद्रात बसलेला जंजिरा एकदम समोर येतो. मी उतरले, नवी लेन्स लावली, फोटो काढला आणि गाडीत बसलेल्या अब्बांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. आकाश होते, समुद्र होता, झाडी होती. अब्बांनी पडदा डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "किल्ला कुठाय?" मी बोट ठेवले. "हा मसुराचा दाणा?"

मला हसू आले आणि वाईटही वाटले. उर्दूत लेन्सला अदसा म्हणतात. हा शब्द अरबी 'अदस' म्हणजे मसूर यावरून आला. भिंगाचा आकार तसाच फुगीर असतो म्हणून. शाळेत हे मी कितीदा तरी शिकवले आहे. आता तो मसूर माझ्याच फोटोत येऊन बसला होता.

चूक लेन्सची नव्हती, माझी होती. लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा ती किती रुंद पाहते ते सांगतो. आमच्यासारख्या साध्या कॅमेऱ्यांवर 10ला शंभर अंशांच्या जवळपास रुंदी चौकटीत मावते, 18ला सुमारे 65, 55ला सुमारे 23 आणि 200ला जेमतेम 7. रुंदी वाढली की दूरची वस्तू बारीक होते. वाइड लेन्स दूरच्या डोंगरासाठी नसतेच. पायाशी काहीतरी असेल तिथे ती बोलते. वाळूवरची होडी, जाळी, ओले खडक पुढ्यात घ्या, मग मागचे आकाश शोभते. त्या दुपारी खोकरीच्या सिद्दी कबरींपाशी तिने खरे काम केले. दगडी घुमट जवळून पूर्ण मावले. फक्त कॅमेरा वर वाकवायचा नाही, नाहीतर भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी फजर पढून आम्ही राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीकडेच तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट त्याच्यावर पडते. होडीतून किल्ल्यात उतरताना तोल सांभाळावा लागतो; अब्बांच्या गुडघ्यांना ते जमणारे नव्हते. ते काठावर खुर्चीत बसले. मी जुनी 18-55 लावून आकडा 55वर नेला आणि तटबंदी चौकटीत नीट बसली! जी लेन्स मी पिशवीच्या तळाशी टाकली होती, तीच. मग सहकारी शिक्षकाकडून मागून आणलेली 55-250 लावली. 200ला नुसता दरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बुरूज आले.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बहिणी-भावांना म्हणूनच सांगते, आधी विकत घेऊ नका. सोबत मिळालेल्या लेन्सने दोन-तीन महिने काढा. मग आवडलेले फोटो उघडून पाहा. कोणत्या आकड्यावर काढला ते फोटोच्या माहितीत लिहिलेले असते. 18वर अडत असाल तर वाइड लेन्स घ्या, 55वर अडत असाल तर लांबची. घेण्याआधी एक दिवस भाड्याने किंवा मागून वापरा. कमी उजेडासाठीच्या महाग, जड लेन्सच्या मागे लागू नका. निसर्गासाठी छिद्र एफ 8 ते 11 इतके बारीकच ठेवतात, आणि तिथे साध्या लेन्सही स्वच्छ चित्र देतात. उरलेल्या पैशात मजबूत ट्रायपॉड घ्या. होडीत मात्र ट्रायपॉड कामाचा नाही. तिथे शटर 1/500 किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि लेन्स बदलू नका, खारे तुषार आत जातात. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

प्रकाश वस्तूवरून येऊन डोळ्यात शिरतो, हे 11व्या शतकात इब्न अल-हैसम यांनी कैरोत 'किताब अल-मनाजिर' लिहून पटवून दिले. त्याआधी डोळ्यातून किरण निघतात असे मानणारे पुष्कळ होते. धक्क्यावर अब्बांकडे पाहताना मला हे आठवले. किल्ल्यावरून येणारा प्रकाश तोच होता, त्याला आत यायची वाट तेवढी अरुंद झाली होती.

घरी आल्यावर दोन्ही फोटो मोठे करून घेतले. मला वाटले, अब्बा पूर्ण किल्ल्याचा निवडतील. त्यांनी दरवाज्याचा निवडला. "पूर्ण किल्ला बघायला मला मान फिरवावी लागते," ते म्हणाले. "हा एका नजरेत येतो."

आता तो त्यांच्या पलंगासमोर आहे. परवा थेंब घालताना म्हणाले, "मुरुडच्या वाळूवरून कासाही दिसतो. तो राहिला." इन्शाअल्लाह, पावसाळा संपला की जाऊ. लेन्स नवी घेणार नाही.