घेता का?

आमचे भाईजान दुधाची गाडी चालवतात. पहाटे चारला कळसमधून निघायचं, वाड्यावस्त्यांवरचे कॅन भरायचे, संकलन केंद्रावर उतरवायचे आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं. वय एक्कावन्न. पान नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच, चहा. तो मात्र प्रत्येक गोठ्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी दोन चमचे साखरेचा. नको म्हटलं तर माणसं रुसतात.

मागच्या वर्षी उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणू लागले, तेव्हा मी त्यांना बारामतीला सोनोग्राफीला घेऊन गेलो. रिपोर्ट आला, ग्रेड टू फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "किती वर्षं घेता?"

"काय?"

"दारू."

"आम्ही घेत नाही, साहेब."

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही भाऊ ना? तुम्ही सांगा."

मी नुसतं "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "माझ्या माहितीप्रमाणे तरी नाही."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. एका "तरी"ने वाक्याचं काय होतं, हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. भाईजान सातवीपर्यंत शिकलेत, पण ते "तरी" त्यांनाही कळलं. मोटारसायकलवर माझ्या मागे बसून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

एवढ्यावर थांबलो नाही, हे जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले असताना मी गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिलं. एक बिस्किटचा पुडा, एक पाना आणि रबरबँड लावलेलं दुधाच्या पावत्यांचं बंडल. पावतीवर लिटर, फॅट, रक्कम. आमच्याकडे फॅट चांगली लागली की माणूस खूश होतो. हा शब्द कुणाच्या लिव्हरला चिकटून घरात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्या भाषेत लिव्हरला केवढा मान. उर्दूत जिगर. एका मोठ्या शायराचं तखल्लुसच जिगर. मराठीत आपण काळजाचा तुकडा म्हणतो आणि खाटकाकडे काळीज मागतो, तेव्हा तो लिव्हरच देतो. पण लिव्हर खराब म्हटलं की दोन्ही भाषांत पुढचा प्रश्न एकच.

मग मी वाचायला लागलो. विज्ञान माझा विषय नाही, पण लाज वाटली की माणूस काहीही वाचतो. कळलं ते असं. दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही अगदी दारुड्यासारखाच बिघाड दिसतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी १९८० मध्ये २० रुग्णांवरून मांडलं आणि त्या आजाराला नाव दिलं. आपल्या सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं नाव बदललं आणि नावातला "अल्कोहोल" काढून टाकला. रुग्णाला त्या शब्दाचा कलंक लागतो, हेही त्यामागचं एक कारण. म्हणजे आमच्यासारखे भाऊ सगळीकडे असावेत.

पण मी खरा रमलो तो मुंबईतल्या एका शास्त्रज्ञाच्या कामात. रूप मल्लिक. पीएचडी भौतिकशास्त्रातली, मग वळले पेशींकडे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षं, नंतर पवईच्या आयआयटीत. २०१४ ला भटनागर पुरस्कार, २०१८ ला इन्फोसिस पुरस्कार. त्यांचा विषय पेशीच्या आतली मालवाहतूक.

ऊसतोड पाहिली असेल तर ही वाहतूक लगेच समजते. डोक्यावर मोळी घेऊन तोडकरी अरुंद फळीवरून एकेक पाऊल टाकत ट्रकवर चढतो. पेशीत अशाच बारीक नळ्या असतात, त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन दोन पायांनी चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले आठ. हे प्रथिन सापडलं १९८५ मध्ये. मल्लिक यांच्या गटाने उंदरांच्या लिव्हरमधले चरबीचे थेंब बाहेर काढून ते काचेवर, या नळ्यांवरून धावताना पाहिले.

२०१७ आणि २०१९ च्या त्यांच्या शोधनिबंधांत जे आहे ते मी भाईजानना सांगितलं, कारण त्यात रोजा आहे. उंदीर जेवलेला असतो तेव्हा रक्तात इन्सुलिन वाढतं. त्या इशाऱ्यावर कायनेसिन चरबीच्या थेंबाला धरतं, त्याला पेशीच्या कडेला नेतं आणि तिथून ती चरबी रक्तात पाठवली जाते. उपाशी असताना उलटं. अंगातली चरबी वितळून लिव्हरकडे धाव घेते, पण इन्सुलिन कमी असल्याने कायनेसिन थेंबावरून उतरतं. माल गोदामातच थांबतो. सगळा एकदम रक्तात गेला तर तिकडे नुकसान, म्हणून लिव्हर तो अडवून धरतं.

भाईजान ऐकत होते. म्हणाले, "मग उपाशी राहून लिव्हरवर चरबी वाढते?"

"तेवढ्यापुरती. जेवलं की गाड्या सुटतात."

"माझ्या सुटत नाहीत?"

"सुटतात. पण येणारा माल जास्त आहे. त्यात साखरेचीही लिव्हर चरबीच करतं. सगळ्या गाड्या जोरात सोडल्या तर रक्तातली चरबी वाढणार, मग हृदयाला धोका. आधी आवक कमी करायची."

"म्हणजे चहा."

"चहा नाही, साखर. आणि रोज चालायचं."

रमजानच्या पहिल्या संध्याकाळी इफ्तारला बसलो होतो. भाईजाननी खजूर तोंडात टाकला आणि पोटावर हात ठेवून मला विचारलं, "सुटल्या का गाड्या?" अम्मीला काही कळलं नाही, पण ते हसले म्हणून तीही हसली. तेवढ्यात मी धीर करून सांगून टाकलं की भाईजान, मी तुमच्या सीटखाली पाहिलं होतं.

"माहितीये," ते म्हणाले. "पावत्या तारखेनं लावलेल्या असतात. तू उलट्या ठेवल्यास."

मग भाभीला म्हणाले, चहा दे, बिनसाखरेचा.