अंगकोर वाट : सहल निवडताना

कंबोडियातील अंगकोर वाट हे बाराव्या शतकातील विष्णुमंदिर पाहण्याची आपली इच्छा असेल, तर मार्गदर्शकासह सहल ठरवताना स्थळे किती, यापेक्षा चालणे व चढणे किती, हे आधी विचारावे. सुमारे १९० मीटर रुंद खंदक ओलांडूनच मंदिरात प्रवेश होतो. सर्वांत वरच्या स्तराचा जिना तर फारच उभा आहे. गुडघे वा हृदय साथ देत नसतील, तर तो मोह टाळावा. सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथनाचे शिल्प पहिल्याच स्तरावर आहे; ते निवांत न्याहाळावे. लहान गटाची, सकाळची, विश्रांती व प्रसाधनगृहासाठी थांबे असलेली सहल निवडावी. औषधे व पाणी जवळच बाळगावे. आपल्या पावलांशी जुळवून चालणारा मार्गदर्शक लाभला, की दर्शनाचे सुख शिणाविना मिळते.