सात वर्षांची दोन लेकरं

माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. संसार मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. इथून उत्तरेला तासाभराच्या आत डीअरफील्ड येतं. तिथल्या संग्रहालयात एक जाड लाकडी दार जपून ठेवलंय, कुऱ्हाडीच्या घावांसकट. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे फ्रेंच सैनिक आणि त्यांच्या बाजूचे अबेनाकी, मोहॉक लढवय्ये बर्फ तुडवत आले आणि ११२ माणसं धरून कॅनडाकडे निघाले. त्यांत पाद्री जॉन विल्यम्स यांची लेक युनिस होती. वय वर्षं सात.

माझी लेकही सातच वर्षांची. त्या दारापुढे तिनं विचारलं, "तिची आई कुठे होती?"

आई सोबतच होती, ओली बाळंतीण. तान्हं बाळ हल्ल्यातच गेलं. थंडगार नदी ओलांडताना ती कोसळली. चालवेना, म्हणून तिला वाटेतच मारलं.

मला येसूबाई आठवल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला, मायलेकरं मुघलांच्या हाती लागली, तेव्हा शाहूराजेही सातच वर्षांचे होते. छावणीत त्यांची अठरा वर्षं गेली. १७०० मध्ये बादशहानं आमचा अजिंक्यतारा घेतला, तेव्हाही ते कैदेतच होते. पण त्यांच्याजवळ आई होती. मराठी बोलणारी, आपण कोण हे सांगणारी. मला वाटतं, सगळा फरक तिथेच पडला.

युनिसला कॅनडातल्या काहनवाकेच्या मोहॉक घरानं पोटच्या मुलीसारखं वाढवलं. ती इंग्रजी विसरली, तिथल्याच तरुणाशी तिनं लग्न केलं. बापानं विनवूनही आली नाही. १७४० मध्ये आमच्या शेजारच्या लाँगमेडोला भावाकडे पाहुणी आली आणि आपल्या घरी परत गेली. इथे अजून तिला 'हरवलेली' म्हणतात. मला ते पटत नाही. आणि १६७५-७६ मध्ये इथेच इंग्रज आणि मूलनिवासींमध्ये झालेल्या युद्धानंतर इंग्रजांनी ज्या शेकडो मूलनिवासींना गुलाम म्हणून समुद्रापार विकलं, त्यांच्याही घरांत सात वर्षांची लेकरं असतीलच की!

१७०७ मध्ये शाहूराजे सुटले. हे खरे शाहू नव्हेतच, असं ताराबाईंच्या पक्षानं म्हटलं. खेडला लढाई झाली, मग १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक. आई मात्र ओलीस राहिली. १७१९ मध्ये येसूबाई दिल्लीहून साताऱ्यात आल्या, तेव्हा लेक सदतीस वर्षांचा झाला होता.