अ‍ॅव्हलॉनचा पत्ता

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर सुई टेकली की गाण्याआधी खरखर ऐकू येते. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या बाबतीत ती खरखर सुमारे पस्तीस वर्षे चालली. ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये रुजलेले गाणे, हा शब्द उच्चारताच आर्त आवाज अपेक्षिला जातो. पण हर्ट ओसरीवर बसून गप्पा माराव्यात तसे गातात, आणि त्यांचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरत असताना उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात, त्यामुळे एकच गिटार दोघांची वाटते.

विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने नाव सुचवल्यावर १९२८ मध्ये ओके कंपनीने हर्ट यांची गाणी आधी मेम्फिसला व नंतर न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केली. नावामागचे ‘मिसिसिपी’ कंपनीनेच खपासाठी चिकटवले, आणि ते अजूनही सुटत नाही, ही गोष्ट खटकते. न्यूयॉर्कमध्ये घराची ओढ लागली असताना त्यांनी आपल्या अ‍ॅव्हलॉन या खेड्यावर एक गाणे गायिले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि हर्ट शेतावर परतले.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे: त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला लागणारी बरीचशी लाख छोटा नागपूरच्या रानातील पळस व कुसुम या झाडांवरून येई, म्हणजे त्या खेड्याचे नाव ज्यावर कोरले गेले, ते बहुधा इकडच्याच किड्यांचे काम असावे.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी लोकसंगीताच्या संकलनात हर्ट यांची दोन गाणी घेतली. तरीही गायकाच्या गावाची वाट धरली गेली ती १९६३ मध्ये, जेव्हा टॉम हॉस्किन्स या संग्राहकाने गाण्यातले गावाचे नाव जुन्या नकाशात ग्रीनवुड व ग्रेनाडा यांच्यामध्ये शोधून काढले. हर्ट तेथेच होते, सत्तरीचे, गुरे राखणारे, आणि घरात स्वतःची गिटार नसलेले. या घटनेला ‘पुनर्शोध’ म्हणतात. हा शब्द शोधणाऱ्यांच्या सोयीचा आहे, कारण पत्ता तर १९२८ पासून तबकडीवरच होता. कित्येक वर्षे ऐकले गेलेले ते हात गिटारविना होते, हे मात्र त्या शब्दात मावत नाही.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायिले, पुढे कॉफीगृहांत व महाविद्यालयांत गायिले, नव्या तबकड्याही निघाल्या. हे सारे जेमतेम तीन वर्षे चालले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा येथे त्यांचे निधन झाले, आणि दफन अ‍ॅव्हलॉनजवळ झाले.