कडेची पट्टी

वाचक माउली, आमच्या आर्णीला समुद्र नाही. आहे ती अरुणावती. मी सुतार. माझा भाचा मुंबईला एका जुन्या शिडाच्या होडीची देखभाल करतो. तिच्या कडेची सागवानी पट्टी मीच रंधा मारून पाठवली होती. यंदा त्याचा फोन आला, "मामा, पट्टी झिजली. आता प्लास्टिकची बसवतो. कुजत नाही, दरसाल तेलपाणी नको."

मन खट्टू झाले. सागाच्या अंगातच तेल, म्हणून तो पाण्याला टिकतो. पण वारीत आपणही घोंगडी सोडून प्लास्टिकचा कागद पांघरलाच ना? त्याने पांडुरंग दुरावला नाही.

मी एवढेच विचारले, "जुन्या स्क्रूंची छिद्रे बुजवलीस का?" तो गप्प. दोन पट्ट्या बसवूनही झाल्या होत्या. माउली, पाणी शिरते ते छिद्रांतून. लाकडी पट्टी काळी पडून आतली कूज सांगते. प्लास्टिक वरून नवेच दिसते. त्याने पट्ट्या उचकटल्या. खालचे लाकूड भुसभुशीत झाले होते.

त्या रात्री गळ्यातल्या माळेला हात लागला आणि मी चपापलो. माळ तीस वर्षांची. पण धुऱ्याच्या वादावरून सख्ख्या भावाशी बोलणे नऊ वर्षे बंद. वरून सारे ठीक दिसत होते.

एकादशीला भावाच्या दारी गेलो. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. वाद मिटलेला नाही, पण बोलणे सुरू झाले आहे.

तुम्हीही एखादी पट्टी उचकटून पाहा. राम कृष्ण हरी.